स्पीकर नवे आणण्याआधी

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

नवा मॉनिटर जोडल्यापासून कॉम्प्युटरचा आवाज पूर्ण बंद आहे आणि स्पीकरच गेले असावेत, असे बाबा फोनवर म्हणाले. कृपया इतक्यात नवे स्पीकर आणू नका. मॉनिटरची एचडीएमआय केबल चित्राबरोबर आवाजही वाहून नेते, त्यामुळे ती जोडताच विंडोज पुष्कळदा मॉनिटरलाच स्पीकर समजते आणि मॉनिटरमध्ये स्पीकर नसला तरी सगळा आवाज तिकडेच पाठवत राहते. आवाजाची पट्टी शंभरावर नेऊनही काही ऐकू येत नाही, यामागे बहुधा हेच कारण असावे.

स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात, घड्याळाजवळ, स्पीकरचे छोटे चित्र आहे, त्यावर क्लिक करा. तुमच्या विंडोज १० मध्ये आवाजाच्या पट्टीच्या वर एक नाव दिसेल. ते मॉनिटरचे असेल, तर त्याच नावावर क्लिक केल्यावर उघडणाऱ्या यादीतून ‘स्पीकर्स’ निवडा. मग पट्टी जराशी सरकवून माउसचे बटण सोडा. सोडताक्षणी ‘टिंग’ असे ऐकू आले, तर पुढचे काहीच करायची गरज नाही.

ऐकू आले नाही, तर स्पीकरचा दिवा लागला आहे ना आणि त्याची स्वतःची आवाजाची कळ शून्यावर नाही ना, हे पाहा. मॉनिटर जोडताना मागच्या वायरी हलल्या असतील, म्हणून स्पीकरची पिन हिरव्या खाचेतच आहे याची खात्री करा. गुलाबी खाच मायक्रोफोनची आणि निळी बाहेरून आवाज आत घेण्यासाठी असते. हे रंग मायक्रोसॉफ्ट आणि इंटेल यांच्या ‘पीसी ९९’ या मार्गदर्शिकेने ठरवून दिले, म्हणून बहुतेक डेस्कटॉपवर ते सारखेच आढळतात. पुढच्या खाचेत बाबांचा हेडफोन राहिला असेल तर तो काढा, कारण पुष्कळ कॉम्प्युटरांवर तो लावलेला असेपर्यंत मागचे स्पीकर गप्प बसतात. एवढ्यानेही भागले नाही, तर स्पीकरची पिन आईच्या फोनच्या गोल खाचेत लावून एखादे गाणे सुरू करा. ते वाजले, तर स्पीकर निर्दोष आहेत, हे निश्चित.

आई, बाकी सगळे ऐकू येऊनही व्हिडिओ कॉलमध्येच आवाज नसेल, तर त्या ॲपच्या सेटिंगमधला स्पीकर तपासायला हवा, कारण काही ॲप आपली निवड वेगळी ठेवतात.

एका गोष्टीची मात्र मला खरोखर काळजी वाटते. ‘तुमचा ड्रायव्हर (म्हणजे कॉम्प्युटरकडून आवाजाचे काम करून घेणारे सॉफ्टवेअर) खराब झाला आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी चौकट इंटरनेटवर दिसली, तर त्या क्रमांकावर फोन करू नका आणि आवाज दुरुस्त करून देणारे कोणतेही सॉफ्टवेअर उतरवून घेऊ नका. अशा वाटेने अनोळखी माणसे कॉम्प्युटरचा ताबा घेतात आणि बँकेच्या खात्यापर्यंत पोहोचतात. ड्रायव्हर पुन्हा बसवण्याची वेळ आलीच, तर आपण फोनवर बोलत बोलत ते मिळून करू.

पट्टीच्या वर दिसणारे नाव जसेच्या तसे कागदावर उतरवून ठेवा. रविवारी फोन करीन, तेव्हा ते मला वाचून दाखवा.

तुमची,
लेक