‘परदेशी’ हे काही गावाचं नाव नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत मूळ गाव शोधण्याविषयीचा लेख वाचला. तहसीलमध्ये जा, कोतवाल बुक (गावच्या जन्ममृत्यूंची जुनी नोंदवही) पाहा, जुने फेरफार काढा, भाटाची वही वाचून घ्या, असा सल्ला त्यात आहे. ज्यांच्या पणजोबाच्या नावावर दोन बिघे का होईना जमीन होती, त्यांना तो उपयोगी पडेल. आमच्या पणजोबाच्या नावावर काहीच नव्हतं. नावही धड नव्हतं.

आमचं आडनाव परदेशी. चाळीसगाव, धुळे, पाचोरा इकडे या आडनावाची शेकडो घरं आहेत. त्यांत राजपूत आहेत, तेली आहेत, कोष्टी, कुंभार, धोबी आहेत. उत्तरेकडून कोणीही पोट घेऊन आला की कारकुनाने विचारायचं, कुठला? तो सांगेल ते गाव कारकुनाला लिहिता यायचं नाही, मग लिहायचं ‘परदेशी’. मी हे कारकुनांवर ढकलत नाही, कारण मीच शाळेत एकतीस वर्षं कारकून होतो. जनरल रजिस्टर माझ्या हातचं. एकदा एका बापाने मुलाचं नाव घालताना मूळ गाव, जात, सगळं सांगितलं. मी आडनावाच्या रकान्यात ‘परदेशी’ लिहून मोकळा झालो, मागे रांग होती. त्या मुलाच्या नातवाला तो रकाना पाहून काय कळणार?

निवृत्त झाल्यावर मी आमच्या घराचा शोध सुरू केला. कुणबी नोंदींच्या निमित्ताने २०२३ नंतर कोतवाल बुकं कपाटाबाहेर आली, मोडी वाचणाऱ्यांना भाव आला, त्यात माझंही काम झालं. एका कार्यालयात पानं हात लावताच गळत होती, तरी १९१८ सालचं बुक शाबूत होतं. मानमोडीच्या साथीचे दिवस. पानभर मयतांची नावं, आणि कारणाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत ताप, ताप, ताप. मोडी वाचणाऱ्या गुरुजींनी मध्येच बोट थांबवलं. ‘परदेशीण, वय ६०, ताप.’ गल्ली आमचीच, आणि त्या गल्लीत तेव्हा परदेश्यांचं घर एकच. माझी पणजी ती. साठ वर्षं जगलेल्या बाईचा सरकारदरबारी उरलेला मजकूर एवढाच.

त्यानंतर मी कागद बाजूला ठेवले आणि घरात शोधलं. माळ्यावर एक पितळी हंडा आहे, आजीच्या रुखवतातला. त्याच्या गळ्याखाली टिंबाटिंबांनी अक्षरं ठोकलेली आहेत. चिंच लावून घासला तेव्हा ‘सं. १९७१’ वाचता आलं. विक्रम संवतातून ५७ वजा केले की १९१४. पुढे आजीच्या वडिलांचं नाव, आणि शेवटी ‘...पूर, जि. बांदा’. पूरच्या आधीची अक्षरं नाहीत, कारण हंडा तिथेच चिरला होता आणि कोणीतरी त्यावर ठिगळ झाळलं. पाणी गळायचं थांबलं, गाव बुडालं.

तरी त्या हंड्याने बरंच सांगितलं. आजोबा १९१४ साली उत्तर प्रदेशातल्या बांद्याकडची मुलगी करतात, म्हणजे तोवर येणं-जाणं होतं, गाव विसरलं ते पुढच्या पिढीने. आणि हे आजीचं माहेर असलं तरी सोयरीक चार-सहा कोसांतच व्हायची, म्हणजे सासरचं मूळ गावही जवळपास असणार. पुरुषांच्या नावाने वर्षभर फिरलो, वाट दाखवली ती बाईच्या भांड्याने.

मग बाकीच्या गोष्टी जुळायला लागल्या. राखीच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे भुजलिया, म्हणजे घरात उगवलेले धान्याचे अंकुर, विसर्जनाला निघतात. गल्लीत कानबाई, ही खानदेशची देवी, बसते तिला आम्ही जातोच, पण भुजलिया गल्लीत दुसऱ्या कोणाकडे नाहीत. आजोबा पावसाळ्यात आल्हा, म्हणजे आल्हा-उदल या वीरांचा पोवाडा, म्हणायचे. लहानपणी पोरं ‘परदेशीस्ना पोऱ्या’ म्हणून चिडवायची तेव्हा या दोन्हींची लाज वाटायची. ही बुंदेलखंडाची खूण आहे हे साठी उलटल्यावर कळलं. १८९६-९७ चा दुष्काळ तिकडूनच सुरू झाला होता, आणि अलाहाबाद-जबलपूर-भुसावळ हा लोहमार्ग १८७० पासून सलग होता. जुन्या बांदा जिल्ह्यातल्या माणिकपूरला गाडीत बसलेला माणूस थेट चाळीसगावला उतरू शकत होता.

माझा मुलगा लगेच म्हणाला, मग ते ‘पूर’ माणिकपूरच. मला पटत नाही. परगावी गेलेला माणूस आपल्या खेड्याचं नाव सहसा सांगत नाही, समोरच्याला ठाऊक असेल असं स्टेशन किंवा तीर्थ सांगतो. आपलं पोरगंही पुण्यात ‘जळगावचा’ म्हणूनच सांगतं. नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीतही तेच झालं. पणजोबांच्या अस्थी आजोबांनी रामकुंडात सोडल्या तेव्हाची नोंद मिळाली, तीन पिढ्यांची नावं मिळाली (तो दिवस मी विसरणार नाही), पण गाव? ‘मूळ चित्रकूटजवळ, हल्ली चाळीसगाव’.

तरी शोध अर्ध्यावर आला. जुन्या बांद्यातून १९९७ साली वेगळा जिल्हा निघाला, तोच आजचा चित्रकूट. तेव्हा हंड्यावरचा बांदा आता दोन जिल्ह्यांत शोधावा लागतो. आपल्याकडेही तसंच. १९०६ पर्यंत खानदेश एकच जिल्हा होता आणि ठाणं धुळ्याला, हे माहीत नसलेले लोक जुन्या कागदासाठी जळगावलाच खेटे घालतात. आता प्रयागच्या पंड्यांकडे जायचं आहे. तिथे प्रत्येकाचं निशाण वेगळं, वह्या जिल्ह्यावार आणि जातवार. पण नुसतं ‘पूर’ सांगून वही उघडून मिळायची नाही.

म्हणून आपल्या वाचकांना दोन विनंत्या. दिवाळीत माळा साफ करताना जुनी पितळ मोडीत घालाल, तर आधी काठ आणि गळा घासून पाहा, अक्षरं असतील तर फोटो काढून ठेवा. आणि झाळलेलं ठिगळ खालची अक्षरं न बिघडवता सोडवणारा एखादा जुना तांबट जळगाव, धुळे किंवा नंदुरबारकडे अजून काम करत असेल, तर कृपया आपल्या याच सदरात कळवावं. हंडा घेऊन मी येईन.

आपला,
एक परदेशी, चाळीसगाव