केसपेपरवर एक रकाना वाढवा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय आरोग्यमंत्री,
गोवा सरकार, पर्वरी.

महोदय,

मी सत्तरी तालुक्यात समुपदेशनाचे काम करते. मानसिक त्रास घेऊन आलेल्या माणसाची नोंद करताना त्याचे काय बिघडले आहे याबरोबरच आजवर त्याला कशाने सावरले, हेही विचारले जावे, एवढ्याच मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

खाणी बंद पडल्यावर ट्रकचे हप्ते थकलेल्या घरातली एक बाई माझ्याकडे आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). ‘नैराश्य’ हा शब्द तिच्या तोंडी नव्हता. ‘मन थाऱ्यार ना, न्हीद पडना’ एवढेच ती सांगत होती. लक्षणांच्या यादीत ती सहज बसली असती. पण बोलता बोलता कळले की पौषात मांडावर (वाड्याच्या सामायिक अंगणात) धालो, म्हणजे बायकांची गाणी आणि नाच, सुरू झाले की पहिले गीत तिनेच उचलायचे, अशी वाड्यावरची रीत होती आणि दोन वर्षे ती मांडाकडे फिरकलीही नव्हती. उपचार आम्ही तिथूनच सुरू केला: आधी शेजारणीकडे जाऊन बसणे, मग एखादे गीत आठवून म्हणणे, आणि मांड सर्वांत शेवटी.

सुटलेली कामे आणि माणसे थोडी थोडी पुन्हा जोडत नेण्याची ही पद्धत गोव्यातच कसोटीला उतरली आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या ‘संगाथ’ संस्थेने इथल्या 10 प्राथमिक आरोग्य केंद्रांत घेतलेल्या आणि 2017 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ भेटींत तीव्र नैराश्याच्या रुग्णांना मदत केली. जगभर दाखला दिला जाणारा हा प्रयोग आपल्या दारातला आहे. अशा समुपदेशकांना प्रत्येक केंद्रात कायम जागा, नियमित मानधन आणि तज्ज्ञांची देखरेख द्यावी.

गावाचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. सावरणारा गाव नावेही ठेवतो, त्यामुळे कोणाला विश्वासात घ्यायचे हे रुग्णानेच ठरवायला हवे. तीव्र मनोविकारात औषध हवेच, आणि त्यासाठी बांबोळीचे सरकारी मनोरुग्णालयही गाठावे लागू शकते. मात्र देवळात कौल घेऊन मग दवाखान्यात आलेल्या कुटुंबाला अडाणी ठरवू नये. मदत मागण्याची त्यांची सुरुवात तिथूनच झालेली असते.

2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचे कलम 18 तर सेवा रुग्णाला व त्याच्या कुटुंबाला स्वीकारार्ह वाटेल अशा रीतीने द्यावी, असेच सांगते. तेव्हा ‘तुम्हाला आजवर कशाचा आणि कोणाचा आधार वाटला?’ हा रकाना केसपेपरवर छापावा आणि उत्तर रुग्णाच्याच शब्दांत, कोकणीत वा मराठीत, लिहून घेण्याचा आदेश काढावा. सुरुवात आमच्या तालुक्यातल्या वाळपईपासून करणार असाल, तर समुपदेशकांच्या प्रशिक्षणासाठी मी वेळ द्यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
सत्तरीतील एक समुपदेशक