चामखीळ ब्लेडने कापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आरोग्याच्या पानावर मोठमोठ्या आजारांबद्दल भरपूर छापून येतं, पण चामखिळीसारख्या घरोघरी दिसणाऱ्या गोष्टीवर फारसं कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र. माझ्या मुलीच्या बोटाला नखाच्या कडेला एक खरखरीत चामखीळ आली होती, आणि मी घाईने ती ब्लेडने कापली. रक्त थांबता थांबेना आणि दोन-तीन महिन्यांत आजूबाजूला आणखी चार उगवल्या. तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की हा एचपीव्ही नावाचा व्हायरस आहे, कापलं, खाजवलं, नखं कुरतडली की तो शेजारच्या कातडीत शिरतो, आणि आत जे काळे ठिपके दिसतात ते मूळबिळ नसतं, बारीक रक्तवाहिन्यांत गोठलेलं रक्त असतं.

एचपीव्ही हे नाव नेटवर शोधलं की आधी कॅन्सरच समोर येतो, माझी तर त्या रात्री झोप उडाली होती. पण या व्हायरसचे 200 च्या वर प्रकार आहेत आणि हातापायांच्या साध्या चामखिळीचे प्रकार वेगळे, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे वेगळे, हे कोणीतरी ठळक छापायला हवं.

उपचार म्हणाल तर लहान मुलांमध्ये बऱ्याचशा चामखिळी दोनेक वर्षांत आपोआप जातात. थांबायचं नसेल तर सॅलिसिलिक ॲसिडचं लोशन, रोज झोपताना बोट पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात बुडवायचं, मऊ झालेली कातडी कानशीने हळूच घासायची (ती कानशी दुसऱ्या कुणी वापरायची नाही), मग फक्त चामखिळीवरच लावायचं, आणि हे तब्बल 12 आठवडे. बहुतेक जण दोन आठवड्यांत सोडून देतात आणि मग म्हणतात औषध लागू पडत नाही! त्यानेही नाही गेली तर डॉक्टर उणे 196 अंशाच्या लिक्विड नायट्रोजनने गोठवतात, दुखतं थोडं आणि बऱ्याचदा तीन-चार वेळा जावं लागतं. हे लोशन चेहऱ्यावर किंवा गुप्तांगावर लावायचं नाही, आणि डायबेटिस असेल तर पायाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही.

आणखी एक, मुलांच्या अंगावर मोत्यासारखे, मधे खळगा असलेले दाणे येतात ते मोलस्कम, तो व्हायरसच वेगळा, तेही फोडायचे नाहीत. मोठ्या वयात नवी गाठ आली, रंग बदलला, आपोआप रक्त यायला लागलं तर मात्र ती चामखीळच आहे असं घरच्या घरी ठरवू नका.

एक विनंती आहे. तळपायाची चामखीळ आणि भोवरी लोक सर्रास एकच समजतात. चामखिळीवर कातडीच्या रेषा तुटलेल्या दिसतात आणि ती दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली की जास्त दुखते, भोवरी वरून सरळ दाबली की दुखते. कोणा त्वचारोगतज्ज्ञांकडून एक लेख लिहून घ्या आणि दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी मोठे छापा.

आपली,
एक वाचक