आई, मी रनवेवर नसते

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर आई रडवेली झाली, "रात्रीची रनवेवर उभी राहतेस, विमान अंगावर आलं तर?" तेव्हापासून मला चैन नाही. म्हणून हे पत्र.

आई, मी रनवेवर नसतेच. रनवे म्हणजे विमान उतरतं आणि उडतं ती पट्टी. आमच्या मोपा विमानतळावर ती साडेतीन किलोमीटर लांब आहे. विमानांची ये-जा सांभाळणाऱ्या टॉवरच्या परवानगीशिवाय तिथे आमच्या साहेबांची गाडीसुद्धा जात नाही. रनवेवरून बाहेर येतो तो टॅक्सीवे, आपल्या कुळागरातून घराकडे येणाऱ्या पाणंदीसारखा. रात्री त्याच्या कडेला निळे दिवे असतात, रनवेच्या कडेला पांढरे. दोन्ही मिळतात त्याच्या अलीकडे जमिनीवर चार पिवळ्या रेघा आहेत, दोन सलग, दोन तुटक. सलग रेघांच्या बाजूने येणारं विमान टॉवरने हो म्हणेपर्यंत तिथेच थांबतं.

मी असते अ‍ॅप्रनवर. बाबा, आपलं मळणीचं खळं आठवा, सगळं काम तिथेच. विमान उभं करायचं, सामान काढायचं, इंधन भरायचं. रात्री उंच खांबांवरचे दिवे इतके लख्ख असतात की पडलेला स्क्रूही दिसतो. दिसला की उचलायचाच, कारण इंजिनाने तो ओढून घेतला तर पाती मोडतात. गेल्या आठवड्यात मला कुणाच्या तरी बॅगेचं तुटलेलं चाक सापडलं. हातात घेतलं तर एवढंसं, पण त्या रात्री मला माझ्या कामाचं मोल कळलं.

विमान आलं की आम्ही धावत सुटत नाही. इंजिनं बंद झाली, पोटाखालचा लाल लुकलुकता दिवा विझला, चाकांना चोक म्हणजे अडवायचे ठोकळे लागले, की मगच पुढे व्हायचं. अग्निशमनाच्या गाड्याही अशा जागी उभ्या असतात की रनवेच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांत पोचाव्यात.

बाबा, तुम्ही दाबोळी विमानतळाचं विचारलं होतं. तो नौदलाचा तळ, प्रवासी विमानं त्याच धावपट्टीवर उतरतात. मोपा पेडण्याच्या सड्यावर नव्याने बांधलेला, जानेवारी 2023 पासून सुरू झालेला.

आई, कामावर फोन लॉकरात असतो. उचलला नाही तर घाबरू नकोस. सहाला शिफ्ट सुटली की चहाआधी तुलाच फोन करते.

तुमची,
बाय