मुलं परत पाठवली, पण उचलीचं काय?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

परवा तुमच्या पेपरात शहरात कामावरून सोडवलेल्या मुलांची बातमी आली, त्यांना गावी परत पाठवलं एवढं सांगून बातमी संपली. पण ती घरून निघालीच कशाला हे कुणी विचारलं नाही आणि मला तरी तोच खरा प्रश्न वाटतो.

लोकांना वाटतं पोरांना कोणीतरी फूस लावली किंवा ती झगमगाटाला भुलली. असंही होतं. पण नेणारा खूपदा नात्यातला नाहीतर ओळखीचाच असतो आणि आईबापाच्या हातात त्याने आधीच उचल, म्हणजे कामाचे आगाऊ पैसे, ठेवलेली असते. पावसाने दगा दिला, घरात आजारपण आलं, सावकाराचं व्याज थकलं की उचल घेतली जाते आणि ती फेडायला पोरगं जातं. तिथे पगार असा हातात पडतच नाही, राहण्याखाण्याचे पैसे मालक कापत राहतो, काही महिन्यांनी हिशोब करायला गेलं तर बाकी उलट वाढलेली. मोठी पोरं तर सांगतात की मला कोणी आणलं नाही, मीच आलो, धाकट्यांचं शिक्षण व्हावं म्हणून, त्यांचं पण ऐकायला हवं ना.

शाळेचं तर बोलायलाच नको. गावात प्राथमिकपर्यंतच वर्ग, पुढची शाळा लांब, मुलीला एकटीला पाठवायला घरचे घाबरतात, मग ती घरी बसते आणि घरी बसली की कामाला पाठवायचं घाटतंच. दुसऱ्या देशांतही हेच, हैतीत लेकराला शिकायला मिळेल या आशेवर आईबाप त्याला शहरातल्या घरी ठेवतात आणि तिथे पाणी भरण्यात, भांडी घासण्यात त्याचा दिवस जातो. घानाच्या उत्तरेकडच्या मुली राजधानी आक्राच्या बाजारात डोक्यावर ओझी वाहतात, त्यातल्या काही तर शाळेची फी जमवायला आलेल्या असतात. फी भरायला हमाली करावी लागते हो मुलीला!

आणि गावी पाठवलं म्हणजे काम सुटलं असंही नाही. आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि युनिसेफच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ मध्ये जगात १३.८ कोटी मुलं मजुरीत होती, त्यातली ६१ टक्के शेतीत, म्हणजे गावाकडच्याच कामात. उचल तशीच, शाळा तितकीच लांब, मग पोरगं परत शहराच्या गाडीत बसणार नाही तर काय करणार? ब्राझीलने २००३ मध्ये बोल्सा फॅमिलिया योजना आणली, मुलं शाळेत जात असतील तर गरीब घराला दरमहा पैसे. असा आधार, जवळ हॉस्टेल आणि उचलीचं कर्ज रद्द, हे तिन्ही मुलाला घरी सोडतानाच झालं पाहिजे, नंतर बघू म्हटलं की ते राहूनच जातं.

तुम्हाला एकच विनंती, चार-सहा महिन्यांनी त्याच मुलांच्या गावी तुमचा बातमीदार पाठवा, त्यांची नावं न छापता, आणि किती जण शाळेत आहेत आणि किती परत गेले ते छापा.

आपला,
एक नियमित वाचक