मागनं वळणारी गाडी

कुपवाड एमआयडीसीतल्या वेल्डिंग शेडच्या मामांना नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलं की तुम्ही "बरं बरं" म्हणून ठेवून देता. म्हणून हे सगळ्यांदेखत लिहिते.

आण्णांची उजवी बाजू अर्धांगवायूत गेली, म्हणून आम्ही पायडलची व्हीलचेअर घेतली. दोन्ही पायडल एकाच आसाला, त्यामुळे चांगला डावा पाय रेटला की उजवाही त्याच्याबरोबर फिरतो. पण स्टिअरिंगचा बार होता उजवीकडं, आणि त्यांच्या उजव्या हातात कपसुद्धा ठरत नाही. एका दुकानातून तो डावीकडं बसवून आणला. आण्णांनी मूठ डावीकडं वळवली आणि खुर्ची गेली उजवीकडं, थेट तुळशीवर. कुंडी फुटली. पुढं पंधरा दिवस त्या खुर्चीवर टॉवेल वाळत होते.

तुम्ही पान्याला हातच लावला नाहीत आधी. खुर्ची हातानं अर्धा गोल फिरवली, वाकून खाली बघितलंत आणि हसलात. "आवं ताई, ही गाडी मागनं वळती, फोर्कलिफ्टगत. हँडल डावीकडं तर मागचं चाक उजवीकडं फिराय पायजे की!" हँडल आणि मागचं चाक जोडणारा रॉड तिरका जाऊ नये म्हणून त्याची दोन्ही टोकं एकाच अंगाला बसवली होती, त्यामुळं चाक हँडलच्याच दिशेनं वळत होतं. तुम्ही मागचं टोक पलीकडच्या अंगाला नेलंत, बस्स. मी शाळेत भूमिती शिकवते मामा. हे खरं तर मला सुचायला हवं होतं.

मग आण्णांना बसवून डावं पायडल पार वर आणलंत आणि गुडघा व बार यांत चार बोटं जागा राहील असा बार उचललात. क्लॅम्प घसरत होता, तर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून आत घातलीत. शेवटी मागच्या चाकापासून पुढं सुतळी ताणली, मूठ सरळ धरायला लावली आणि चाक सुतळीच्या रेषेत येईपर्यंत रॉड अर्धा-अर्धा आटा फिरवत राहिलात. रॉड जागचा हलू नये म्हणून असलेला चेक नट आवळल्यावर माझ्या लेकीकडून नेलपॉलिश मागून नटावरून रॉडपर्यंत एक लाल रेघ ओढलीत. रेघ तुटलेली दिसली की नट ढिला झाला समजायचं. ती आता रोज सकाळी वाकून बघते.

मजुरी रीतसर घेतलीत ते फार बरं केलंत. फुकट केलं असतंत तर परत यायला संकोच वाटला असता.

रविवारी आण्णांनी आमराईत दोन फेऱ्या मारल्या. मी मागं चालत होते, खुर्चीला हात न लावता. वळणावर मागची बाजू बाहेर फेकली जाते, हे त्यांना आता पक्कं कळलंय. भडंगवाल्याची गाडी मात्र थोडक्यात वाचली.

उजवीकडं वळताना बार किंचित कुरकुरतो असं आण्णा म्हणतात. शनिवारी संध्याकाळी घेऊन येते.

तुमची,
आण्णांची थोरली