कामाच्या पाळीप्रमाणे व्यायाम शिकवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट ताईंना जाहीर आभारपत्र

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

चाकणच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या आमच्या कारखान्यात दर आठवड्याला पाळी बदलते. अशा कामगारांना आपण मोबाइलवरील ॲपच्या मदतीने घरच्या घरी व्यायामाची सवय लावलीत, त्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे.

व्यायाम करा, असे आम्हाला सगळेच सांगत आले होते. तो केव्हा करायचा, हे मात्र कोणी सांगितले नव्हते. सकाळी सहाचा रिमाइंडर पहिल्या पाळीत कंपनीच्या बसमध्ये वाजतो आणि तिसऱ्या पाळीत मशीनवर. आपण एकेकाचा फोन हातात घेऊन पाळीनुसार रिमाइंडर लावून दिलेत. रात्रपाळीच्या आठवड्यात घरी आल्यावर आधी झोप आणि दुपारी उठल्यावर जेवणापूर्वी व्यायाम, हे तेव्हापासून ठरून गेले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, हे ऐकून आमच्यातील अनेकांनी हात टेकले होते. परंतु सलग दहा मिनिटांची जुनी अट त्याच सूचनांत काढून टाकली असून पाच-पाच मिनिटेही हिशेबात धरली जातात, हे आपण सांगितल्यावर सर्वांना धीर आला.

माझे घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. शेजारी लेकरू झोपलेले आणि खाली दुसरे बिऱ्हाड, त्यामुळे ॲपमधल्या उड्या मारणे शक्यच नव्हते. त्या गाळून आपण भिंतीला रेटून काढायचे जोर, हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे आणि ओट्याला धरून टाचा उचलणे असा क्रम बसवून दिलात. फोन पिठाच्या डब्याला टेकवून, आवाज बंद ठेवून तो सहज होतो. इंग्रजी सूचना न कळणाऱ्यांसाठी आपण व्हॉट्सॲपवर स्वतःच्या आवाजात मराठी सूचना पाठवल्यात. त्यातले ‘श्वास रोखू नका’ हे वाक्य आता घरातल्यांनाही पाठ झाले आहे. आठ तास उभे राहून धरणारी माझी कंबर बरीच मोकळी झाली आहे.

लागोपाठ दोन पाळ्या झाल्या तर त्या दिवशी व्यायाम सोडा आणि ॲपने खाडा दाखवला तरी मनाला लावून घेऊ नका, असेही आपण बजावले होते. ॲप बनवणाऱ्यांनी हे आपल्याकडून अवश्य शिकावे, असे मला वाटते, कारण रोज न चुकण्याचे बक्षीस पाळीवाल्याच्या वाट्याला क्वचितच येते.

आता पेंट शॉपमधले (रंगकाम विभागातले) सहकारीही व्यायाम सुरू करत आहेत. त्यांच्या फोनमधले रिमाइंडर आम्हीच लावून देत आहोत.

आपला कृतज्ञ,
तीन पाळ्यांत काम करणारा एक कामगार, चाकण